राऊच्या शेतातली अंगठी आणि गुडघ्याच्या उंचीवरचा कॅमेरा

इंदूरहून महूला जाताना राऊ ओलांडलं की रस्त्याच्या अंगाला अजून थोडीफार शेतं शिल्लक आहेत. त्यातल्या एका शेतात एप्रिलमध्ये साखरपुडा झाला. गहू निघून गेला होता, घरासमोर मांडव होता, मागे मोकळं रान. जेवणं झाल्यावर मुलगा-मुलगी फोटो काढायला रानात उतरली आणि परत येईपर्यंत मुलाच्या बोटातली अंगठी गेली. बावीस कॅरेटचं साधं वळं, पाच ग्रॅमच्या आतबाहेर. सैल आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दोरा गुंडाळून घे, असं मुलाच्या आजीने सांगितलंही होतं. तो कोणी गुंडाळला नाही.

शोधायची जागा ठरवायला फोटोग्राफरच उपयोगी पडला. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक फोटोला वेळ नोंदलेली असते. विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या फोटोत अंगठी बोटात दिसते, आणि बांधावरच्या आंब्याखाली हातात हात घेतलेल्या फोटोत बोट मोकळं आहे. म्हणजे अंगठी विहीर आणि आंबा यांच्यामधल्या पट्ट्यात पडली. तीसेक मीटर लांब, बारा मीटर रुंद. हरवलेल्या वस्तूच्या कामात हा भाग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लोक आठवणीवर विसंबतात आणि अख्खा एकर तुडवत बसतात.

अण्णा आमच्या सुदामानगरातले. टेलिफोन खात्यात त्यांनी जन्मभर जमिनीखालच्या केबली शोधल्या. निवृत्तीनंतर मुलाने हौसेखातर मेटल डिटेक्टर आणून दिला, तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणाची अंगठी, कानातलं, किल्ल्यांचा जुडगा, ट्रॅक्टरची पिन असं काहीबाही शोधून देतात. पैसे घेत नाहीत, चहा मात्र दोनदा घेतात. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून वाद घालायला त्यांना मी लागतो.

पहिल्या खेपेला त्यांनी तो सगळा पट्टा एका संध्याकाळीत फिरून काढला. खिळे मिळाले, सोड्याच्या बाटल्यांची बुचं मिळाली, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी मिळाली, कल्टिव्हेटरचा एक बोल्ट मिळाला. अंगठी नाही. निकाल त्यांनी जागेवरच दिला: "ही काळी माती मशीनला बोलूच देत नाही हो. सारखी किरकिर. शेवटी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, तेव्हा कुठे शांत झालं." अण्णांच्या मुलाने लगेच महागातलं मशीन बघायला घेतलं.

मशीन नवीन घेण्याआधी आम्ही एक व्हिडिओ पाहिला. शेतमालकाच्या पुतण्याने रील करायची म्हणून फोनवर अण्णांचा शोध टिपला होता. चित्रण यथातथाच, पण दोन गोष्टी नशिबाने चांगल्या होत्या. अण्णांनी त्या दिवशी हेडफोन लावले नव्हते, त्यामुळे मशीनचा आवाज व्हिडिओत होता. आणि पुतण्याचं तोंड बंद नव्हतं. मधेच तो म्हणतो, "भिया, मशीन तो हर फेरे में बोल रही है, दोनों किनारे पे." रीलवर बोलायचं म्हणून बोलला असेल, पण या प्रकरणातलं पहिलं खरं निरीक्षण त्याचं.

अण्णांच्या घरी टीव्हीवर लावून पाहिलं. स्वतःला पाहून अण्णा आधी म्हणाले, "हा वाकलेला म्हातारा कोण?" मग गप्प झाले, कारण पुतण्या म्हणाला तेच दिसत होतं. कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची ती थाळीसारखी चकती, उजवीकडे टोकाला गेली की कुर्र, डावीकडे टोकाला गेली की कुर्र. मधे शांतता. जमिनीत धातू असता तर आवाज जागेला चिकटून राहिला असता. अण्णा दोन पावलं पुढे गेले की तो मागे पडला असता. हा आवाज त्यांच्याबरोबर चालत होता. म्हणजे कारण जमिनीत नव्हतं, फेर घेण्याच्या पद्धतीत होतं.

इथे मशीन काय करतं ते थोडक्यात सांगायला हवं. कॉइलमधल्या एका वेटोळ्यात सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूच्या वस्तूत भोवरे-प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला ऐकू येतं. पण धातूच तेवढा उत्तर देतो असं नाही. माळव्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली आहे, आणि त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. माती स्वतःच उत्तर देते. ते उत्तर वजा करण्यासाठी मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स असतो. कॉइल जमिनीपासून ठराविक अंतरावर राहिली तर मातीचं उत्तर स्थिर असतं आणि मशीन ते बाजूला ठेवतं. कॉइल वरखाली झाली की मातीचं उत्तरही वरखाली होतं, आणि बॅलन्स तंतोतंत जुळलेला नसेल तर हा बदल मशीनला वस्तूसारखा वाटतो.

अण्णांची कॉइल टोकाला वर जात होती. अंगण झाडताना फटक्याच्या शेवटी झाडू जसा आपसूक उचलला जातो तसाच. खांद्यातून हात फिरवला की हात वर्तुळातच फिरणार. मधल्या भागात कॉइल जमिनीला लगटून, कडेला हवेत. हवेत गेली की मातीचा गोंगाट, गोंगाटाला कंटाळून सेन्सिटिव्हिटी खाली, आणि सेन्सिटिव्हिटी खाली म्हणून खोलवरचं काही ऐकूच येत नाही. दोष सगळा मातीच्या माथी.

रीलवरून एवढं कळलं, पण किती उचलली जाते ते कळेना. पुतण्या उभा राहून, चालत, फोन छातीशी धरून चित्रण करत होता. वरून पाहिलं की कॉइल आणि जमीन यांच्यातलं अंतर दिसतच नाही. पाच सेंटिमीटरही तसंच आणि पंधराही तसंच. डिटेक्टरवाले हौशी लोक छातीला कॅमेरा बांधून जे व्हिडिओ करतात ते सापडलेली वस्तू दाखवायला ठीक, पण हात सुधारायला फार कमी उपयोगाचे. स्वतःच्या डोळ्यांना जे दिसतं तेच त्यात परत दिसतं.

म्हणून दुसरं चित्रण आम्ही मुद्दाम केलं, अण्णांच्या मेहुण्याच्या सिमरोलजवळच्या शेतात. सुदामानगरात मोकळा प्लॉट होता, पण शहरातल्या प्लॉटमध्ये सळ्यांचे तुकडे आणि बांधणीची तार इतकी असते की सराव होत नाही. फोन एका विटेवर टेकवून गुडघ्याच्या उंचीला, अगदी स्थिर. एकदा समोरून, म्हणजे अण्णा कॅमेऱ्याकडे चालत येताना. यात कॉइलची कडेची उंची दिसते. एकदा बाजूने, चालण्याच्या दिशेला काटकोनात. यात प्रत्येक फेराला माणूस किती पुढे सरकतो ते दिसतं. पट्ट्याच्या दोन्ही कडांना पाच-पाच सेंटिमीटरवर काळ्या खुणा केलेल्या बांबूच्या काड्या रोवल्या, म्हणजे उंची डोळ्यांनी वाचता येते. खिळे किंवा लोखंडी सळई रोवायची नाही, हे सांगायला नको, पण मेहुण्यांनी पहिल्यांदा तंबूचे खुंटेच आणले होते. फोन एअरप्लेन मोडवर आणि कॉइलपासून दूर ठेवला, कारण जवळचा फोन मशीनमध्ये खरखर आणतो आणि मग पुन्हा कोणाला दोष द्यायचा हा घोळ. अण्णांच्या खिशातलाही फोन काढून घेतला. मशीनचा आवाज स्पीकरवर.

फ्रेमचा वेग सेकंदाला ६० ठेवला. नेहमीच्या ३० मध्ये वेगाने जाणारी कॉइल दोन फ्रेमच्या मधे पाच-सहा सेंटिमीटर सरकते आणि पुसट होते.

समोरून घेतलेल्या चित्रणात कॉइल मधे चार-पाच सेंटिमीटरवर होती आणि टोकाला सरळ पंधराच्या खुणेला. दहा सेंटिमीटरने काय बिघडतं, असं अण्णांचं म्हणणं. म्हणून कागद घेतला. २८ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलची त्रिज्या १४. अंगठी जमिनीत दहा सेंटिमीटरवर आहे असं धरा. कॉइल पाच सेंटिमीटरवर असेल तर अंतर १५, कॉइल पंधरावर असेल तर २५. वेटोळ्याचं क्षेत्र त्रिज्येचा वर्ग अधिक अंतराचा वर्ग, याच्या दीड घाताने कमी होतं, आणि इथे जाताना एकदा आणि परत येताना एकदा असा दोनदा फटका बसतो, म्हणजे तिसरा घात. १४ चा वर्ग अधिक १५ चा वर्ग ४२१, १४ चा वर्ग अधिक २५ चा वर्ग ८२१. जवळजवळ दुप्पट, आणि तिचा घन साडेसातच्या जवळ. खऱ्या कॉइलची घडण या गणितापेक्षा गुंतागुंतीची असते, हिशोब ढोबळच आहे, पण ढोबळमानाने टोकाला अंगठीचा आवाज सातवा हिस्सा उरत होता. वस्तू आणखी खोल असली की अंतर दुप्पट होताच आवाज चौसष्टावा हिस्सा होण्याकडे झुकतो. आवाज सातपट कमी, वर सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

बाजूच्या चित्रणात जे दिसलं ते मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते कोणाच्याच लक्षात येत नाही. अण्णा प्रत्येक फेराला साधारण २५ सेंटिमीटर पुढे जात होते. कॉइल २८ ची. डबल-डी कॉइलची, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावलेल्या कॉइलची, पकड मधल्या अरुंद पट्टीत, पण पुढेमागे जवळजवळ कॉइलच्या पूर्ण लांबीएवढी असते, म्हणून वरवर पाहता काहीच सुटत नाही, उलट तीन सेंटिमीटर दुहेरी होतं. पण माणूस थांबून फेर घेत नाही, चालत चालत घेतो. कॉइलचा मार्ग नागमोडी होतो. मधल्या रेषेवर दर २५ सेंटिमीटरला कॉइल येते, पण डाव्या टोकाला ती एका वळणाला आली की पुन्हा तिथे यायला दोन फेर लागतात. म्हणजे टोकाशी दोन वळणांमधलं अंतर ५०. त्यातले २८ कॉइलने झाकले, २२ सेंटिमीटर कोरे. दोन्ही कडांना असे त्रिकोण सुटत जातात, एकाआड एक. अर्ध्या कॉइलएवढंच पुढे सरका असं जे सांगतात त्याचं कारण हेच आहे: १४ ची दुप्पट २८, टोकालाही फट नाही. मधे अनावश्यक दुहेरी काम होतं असं वाटतं, पण ते काम मधल्या भागासाठी नसतंच.

आणि हे त्रिकोण नेमके तिथेच, जिथे कॉइल उचलली जाते.

ही सवय कुठून आली ते अण्णांनीच ओळखलं. केबल लांबच लांब असते. तुम्ही मोठ्या ढांगा टाकत आडवे गेलात की ती कुठेतरी ओलांडली जाणारच. त्रिकोण सुटले तरी केबल सुटत नाही. जन्मभर रेषा शोधणाऱ्या माणसाला आता ठिपका शोधायचा होता, आणि पाय मात्र अजून रेषेच्याच हिशोबाने पडत होते. हे आवाजावरून किंवा मशीनच्या आकड्यांवरून कधीच कळलं नसतं.

वेगही मोजला. दीड मीटरचा फेर ६० च्या गतीने ५४ फ्रेममध्ये, म्हणजे ०.९ सेकंदात. सेकंदाला दीड मीटरहून जास्त. या प्रकारच्या मशीनना एका वस्तूचं उत्तर पचवून दुसऱ्याला तयार व्हायला क्षणभर लागतो. खिळ्याशेजारी अंगठी असेल आणि हात पळत असेल तर खिळ्याचा आवाज दाबण्याच्या नादात अंगठीही दाबली जाते. सेकंदाला मीटरभर हा वेग बहुतेक ठिकाणी पुरतो. फेर सव्वा मीटरचाच ठेवला की आपोआप दोन फायदे होतात, वेग उतरतो आणि टोक उचलायची गरज राहत नाही. हात सगळ्यात जास्त उचलला जातो तो शेवटच्या वीतभरात, आणि ती वीत कोणी मागितलेलीच नसते.

टोकाला कॉइल सपाट ठेवायची तर खांदा जवळजवळ स्थिर ठेवून कंबर थोडी फिरवावी लागते आणि मनगट टोकाकडे किंचित सैल सोडावं लागतं. सांगून हे जमत नाही. अण्णांना वाटायचं जमलं, आणि काडीवर दिसायचं बारा सेंटिमीटर. मग पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची असं ठरवलं होतं, नाहीतर उंचीकडे लक्ष दिलं की पाऊल लांबतं. दांड्याची लांबीही बाजूच्या चित्रणावरूनच बदलली. ती आखूड होती म्हणून अण्णा वाकत होते, आणि वाकलेल्या माणसाची कॉइल पुढच्या बाजूने वर उचललेली राहते.

सरावासाठी अंगठी हवी होती. काकूंनी स्वतःची दिली, पण दोऱ्याला बांधून, आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवून. त्यातून एक सोयीची युक्ती निघाली. पीव्हीसीचा पाइप तिरका पुरायचा आणि दोऱ्याने अंगठी त्यात हवी तितकी खाली सोडायची. माती एकदाच उकरावी लागते, खोली दरवेळी बदलता येते, आणि अण्णांना अंगठी कुठे आहे ते माहीत नसतं. काकूंना माहीत असतं. त्या बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कॉइल वरून गेली तरी अण्णा थांबले नाहीत की खोकायच्या. व्हिडिओत तो खोकला दर वेळी नेमका ऐकू येतो, आणि त्याआधी मशीनचा बारीकसा आवाजही ऐकू येतो जो अण्णांनी सोडून दिला. कॉइल हवेतून येते तेव्हाच्या खरखरीला कान इतके सरावले होते की तिच्यासारखं काहीही ते खरखरच समजत. एका संध्याकाळी त्यांनी फक्त व्हिडिओचा आवाज डोळे मिटून ऐकला. मला हा सगळ्यात उपयुक्त व्यायाम वाटला.

आता रीलमधली दुसरी गोष्ट. एका जागी अण्णांना स्वच्छ आवाज मिळतो, ते फावड्याने माती काढतात, खड्डा तपासतात, खड्डा गप्प. मग उकरलेल्या ढिगावर कॉइल नेतात, मशीन वाजतं. अण्णा फावड्याकडे बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात. कारण फावडं ढिगाला टेकूनच ठेवलेलं आहे. लोखंड वाजणारच! पण मग आधीचा आवाज कुठे गेला? खड्ड्यातून निघालेली वस्तू ढिगातच असणार, हे घरी सोफ्यावर बसून कोणालाही दिसतं, आणि रानात, उन्हात, घामात, दिसत नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेले होते, तेव्हा गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांच्या यंत्राला असंच चकवलं. फावडं पाच पावलं लांब ठेवायचं, एवढाच उपाय.

मे महिन्याच्या अखेरीला अण्णा पुन्हा राऊला गेले, मीही गेलो. शेतमालक रोटाव्हेटर मारायच्या बेतात होता, म्हणजे माती मोकळी होईल. त्याला थांबवावं लागलं, कारण अंगठी वाकली-तुटली तर आणखी अवघड. अखंड कड्यात प्रवाह गोल फिरतो म्हणून ते छान वाजतं, कडं एका जागी तुटलं की आवाज पार बसतो. त्याऐवजी त्याने दोन माणसं लावून गव्हाची धसकटं विळ्याने जमिनीलगत कापून दिली. पहिल्या खेपेला तीच कॉइलला वर ढकलत होती, निम्मा दोष तर त्यांचाच. दोन दिवस आधी स्प्रिंकलरने हलकं पाणी देऊन वापसा आणला होता, कारण मे महिन्यातली कोरडी काळी माती विटेसारखी निघते आणि वस्तू तिच्या पोटात राहते. ओल आली की मातीचं उत्तर बदलतं, म्हणून ग्राउंड बॅलन्स नव्याने केला.

सुतळी आणि लाकडी खुंट्यांनी मीटर-मीटरच्या ओळी आखल्या, फेर सव्वा मीटरचा, म्हणजे प्रत्येक ओळीची कड शेजारच्या ओळीत थोडी शिरते. सेन्सिटिव्हिटी पूर्वीच्या निम्म्यावरून बरीच वर ठेवली. मशीन शांत होतं. त्याच मातीत. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय, तीही उघडी ठेवली, कारण अंगठीएवढं सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी मशीनला जवळजवळ सारखीच वाटते. चांदी नको म्हणून गाळली की सोनंही गाळलं जातं. त्यामुळे बुचं आणि चांदी पुन्हा भरपूर उकरली. अण्णा कुरकुरले, पण उकरली.

अंगठी आंब्याकडच्या अर्ध्यात मिळाली. रीलमध्ये अण्णांच्या चालण्याची रेषा विजेचा खांब आणि आंबा यांच्या संदर्भाने ओळखता येत होती, आणि जागा त्यांच्या दोन रेषांच्या मधल्या कडेवर पडत होती. नऊ-दहा सेंटिमीटर खोल, भेगेत उभी अडकलेली. उन्हाळ्यात काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात वळं गेलं की आडवं पडत नाही. उभ्या अंगठीतून चुंबकीय रेषा कमी जातात, त्यामुळे आवाज क्षीण होता आणि दोन तुकड्यांत तुटलेला. अण्णा एरवी त्यावर थांबले नसते. त्यांनी काटकोनात वळून दुसऱ्या दिशेने फेर घेतला, आवाज पक्का झाला. ढेकूळ निघालं, खड्डा गप्प झाला, फावडं पाच पावलं लांब. ढेकूळ वाजलं. मालकाच्या घरातल्या बायका धावत आल्या आणि त्यानंतरच्या चित्रणात फक्त साड्यांचे काठ दिसतात.

मग अण्णांनी रीलमधला तो जुना ढीग शोधला. त्यातल्या एका ढेकळात तांब्याचं नाणं होतं, बसलेला नंदी दिसेल इतपत शाबूत. होळकरांच्या तांब्याच्या पैशांवर, विशेषतः शिवाजीराव होळकरांच्या कारकिर्दीतल्या (१८८६ ते १९०३), असा नंदी येतो. इथे जरा थांबून सांगतो, कारण हौशी लोक नेमकं इथेच कानाडोळा करतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय सापडलं, कुठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर मशीन घेऊन जायचा विचारही करू नये. अण्णा त्यामुळेच फक्त मालकाच्या बोलावण्यावरून, मालकाच्या जमिनीत, हरवलेल्या वस्तूसाठीच जातात. मालकाने आणि त्यांनी मिळून अर्ज दिला. अर्जाबरोबर द्यायला जागा आणि तारीख आयतीच चित्रणात होती. रील मात्र पुतण्याने काढून टाकली. शेताचं नाव आणि नाण्याची बातमी एकत्र फिरली असती तर रात्री कुदळी घेऊन कोण आलं असतं, सांगता येत नाही.

चित्रण चालू ठेवायचा फायदा अण्णांना दुसऱ्याच कारणासाठी पटला आहे. दागिना परक्याचा, जागा परकी. ढेकूळ फोडण्यापासून मालकाच्या हातात देईपर्यंत सगळं एका अखंड फितीत असलं की पुढे कोणाच्या मनात शंका राहत नाही. अंगठीच्या जोडीला आणखी काही होतं का, असा प्रश्न त्यांना पूर्वी एकदा एका घरात ऐकावा लागला होता.

नवीन मशीन घेतलं नाही. मुलगा अजून अधूनमधून विषय काढतो.

राहिलेला दोष थकव्याचा आहे. सुरुवातीची दहा मिनिटं पाहिली तर काडीवर कॉइल पाच सेंटिमीटरवर सरळ जाते, तासाभराने पुन्हा दहा-बारावर. हात दमला की खांद्यातून फिरतो. त्यामुळे आता कामाच्या सुरुवातीचं चित्रण आम्ही बघतच नाही, शेवटचं बघतो, आणि कॉइल ज्या मिनिटाला वर जायला लागते त्याच्या थोडं आधी विश्रांतीची वेळ ठेवतो. अण्णांना डावा हात वापरून बघायचा आहे. उजव्यासारखी जुनी सवय डाव्याला नाही, म्हणून तो कदाचित लवकर शिकेल, असं त्यांचं म्हणणं. मला शंका आहे, कारण डाव्या हाताने ते पिनपॉइंटर, म्हणजे ढेकळात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, धरतात आणि तोही ढेकळात नीट बसत नाही. पाऊस उघडला आणि सोयाबीन निघालं की सिमरोलला बांबूच्या काड्या पुन्हा रोवू, मग कळेल.